रंभाचं नाव कुठे लावायचं

माझ्या बायकोच्या, रंभाच्या, तेरवीला मिरचीच्या सातऱ्यावरून देवराव मुकादम आला. पंगत उठत होती. त्याने तिच्या फोटोला फूल वाहिलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"रुपरावजी, सेठनं निरोप धाडला," तो म्हणाला. "रंभाबाईच्या नावानं गेटपाशी पाणपोई बांधून राहिले ते. संगमरवराची पाटी लावणार. सव्वीस जानेवारीले झेंडा झाला का उद्घाटन. फीत तुमच्या हातून कापायची."

पाहुण्यांचे हात धुवून व्हायच्या आत ही बातमी आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीत पसरली. कुहीहून आलेला माझा साळा म्हणाला, सेठ देवमाणूस आहे, नाहीतर मजुराच्या नावाची पाटी कोण लावते. माझा मुलगा दुर्गेश डोळे पुसत देवरावला चहा द्यायला गेला. मीही हो म्हणालो. त्या दिवसांत कोणी काही म्हटलं की मी हो म्हणत होतो.

सातरा म्हणजे मिरचीचं आवार. आमच्या इकडे वाळलेली मिरची विकायच्या आधी तिची देठं खुडतात. उमरेड रोडला, वस्ती विरळ होते तिथे, टिनाच्या मोठ्या शेडखाली मिरचीचे ढीग असतात आणि साठेक बायका सकाळपासून सांजेपर्यंत मांडी घालून देठं खुडत बसतात. तोंडाला ओढणी, डोक्याला ओढणी. रंभा घरी आली की आधी आम्हाला शिंका यायच्या, मग ती दिसायची. दुर्गेश शाळेत होता तेव्हापासून ती तिथे जात होती. त्याची फी, त्याचं लग्न, या घराचा स्लॅब, सगळ्यात तिची मिरची आहे.

तिथे संडास नाही. पूर्वी मागे मोकळं वावर होतं, बायका दोघी-दोघी मिळून आडोशाला जायच्या. मग वावराचे प्लॉट पडले, त्यावर घरं आली, गॅलऱ्या आल्या. जायला जागा उरली नाही. तेव्हापासून बायका सकाळी घरून जाऊन यायच्या ते थेट सांजेला घरी. मध्ये काही नाही. आणि मध्ये काही नको म्हणून पाणी प्यायचं नाही. त्यात मिरचीचे हात. हात चांगले धुतल्याशिवाय बाईला बसताही येत नाही, आग होते. हे सगळं रंभाने मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ. गोळ्या घेतल्या, बरी झाली, पुन्हा गेली. पावसाळ्यात पुन्हा, दिवाळीत पुन्हा. शेवटी सरकारी दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरीण पोरीने विचारलं, "मावशी, दिवसभरात पाणी किती पिता?"

"घरी आली का पेतो न बाई."

"आणि कामावर?"

"तिथं पेऊन जाऊ कुठं?"

डॉक्टरिणीने ते कागदावर लिहून घेतलं. नंतर तिने मला बाहेर घेऊन सांगितलं की जंतू मूत्रपिंडात गेले आहेत, तिथून रक्तात. जानेवारी लागला आणि रंभा गेली.

तेरवीनंतर दोन-तीन दिवसांनी रुखमाबाई आली. ती सातऱ्यावर रंभाच्या शेजारी बसायची. दारातच टेकली.

"भाऊजी, ते पाणपोईचं खरं आहे काय?"

"खरं आहे."

ती पदर तोंडाशी धरून हसायला लागली. मला राग आला.

"काहून हासता वं बाई? माह्या घरी सुतक फिटून राहिलं अन् तुम्ही..."

"हासू नाही तं का करू, भाऊजी? तिथं पाण्याचे माठ आहेत न. देवराव रोज भरते अन् सांजच्याले तसेच्या तसे उलटे करते. पेतं कोण? तुमची रंभा का पाण्यावाचून मेली? पाणी तं हाताशी होतं. पेयची सोय नव्हती." मग तिचं हसणं गेलं. "आता तिच्या नावानं अजून पाणी. आम्ही तं तिकडं पाहाचंही नाही. रस्त्यानं जाणारे पेतील अन् म्हणतील, केवढा दानी सेठ."

ती गेली. त्या दिवसापर्यंत मी रडत होतो. त्यानंतर माझं रडणं थांबलं.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आम्हाला संडास होता, हात धुवायला साबण मिळायचा, आजारपणाची रजा होती. युनियन होती. गेट मीटिंगला पुढारी घटनेतली कलमं सांगायचे. बाकीची विसरलो, बेचाळिसावं ध्यानात राहिलं. कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी, बाळंतपणाला मदत मिळावी, असं त्यात आहे. आम्ही टाळ्या वाजवायचो. आमच्या घरातून सकाळी दोन माणसं डबा घेऊन निघायची. एकासाठी घटना होती, दुसरीसाठी नव्हती. ती माझ्यापेक्षा कमी राबत होती म्हणून नव्हे. तिच्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सातऱ्यावर गेलो. हर्षित सेठ तरुण आहे, बापाच्या मागे धंदा पाहतो. ऑफिसात मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"काकाजी, टेन्शन घेऊ नका. सगळं देवराव पाहून राहिला. तुम्ही फक्त यायचं."

"सेठ, पाणपोई नको. बायकांसाठी संडास बांधा."

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "काकाजी, हा खाण्याचा माल आहे. मिरचीच्या बाजूले संडास बांधला तं माल घेईल कोण?"

त्याच्या खुर्चीमागे एक दार होतं. दाराला कुलूप. वर लिहिलं होतं, फक्त स्टाफसाठी. मी तिकडे बोट केलं.

"हा कोनता आहे मग?"

"तो ऑफिसचा आहे. स्टाफसाठी."

"अन् ह्या बायका काय आहेत?"

"बायका आपल्या मर्जीनं येतात, काकाजी. आज आल्या, उद्या नाही आल्या. माह्याकडं कामगार म्हणून कोनी नाही. हा कारखाना नाही, गोदाम आहे."

मी त्याला बेचाळिसावं कलम सांगितलं. तो हसला नाही, उलट समजावायला लागला. "ते मले माहीत आहे. वकिलाले विचारून घेतलं मी. ते कलम सरकारसाठी आहे, सरकारनं तशी सोय करावी म्हणून. त्याच्यावर कोर्टात जाता येत नाही. माह्यासाठी ते नाही."

म्हणजे याने वकिलाला आधीच विचारलं होतं. रंभा मेल्यावर याच्या मनात पहिली गोष्ट वकिलाची आली आणि दुसरी पाणपोईची. आणि कलम सरकारसाठी आहे म्हणून सेठ हात वर करणार, गोदाम सेठचं आहे म्हणून सरकार आत पाहणार नाही. दोघांच्या मधे बाई लघवी दाबून बसली आणि मेली.

"नाव लावाचंच असंल तं संडासाले लावा," मी म्हणालो. "रंभाबाईच्या नावाचा संडास बांधा. फीत कापाले मी येतो."

हर्षित सेठने माझ्याकडे नीट पाहिलं. "काकाजी, तब्येत बरी आहे न तुमची? गेलेल्या माणसाचं नाव कोनी तिथं लावते काय? फ्लेक्स छापून झाले. अध्यक्षसाहेब येऊन राहिले." अध्यक्ष म्हणजे त्यांच्या व्यापारी मंडळाचे. "घरी जा, आराम करा. बोलू आपण नंतर."

ही गोष्ट माझ्याआधी घरी पोचली. देवरावने दुर्गेशला फोन केला होता. मी चप्पल काढायच्या आत तो सुरू झाला.

"बाबा, आईचं नाव संडासावर? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लोक आपल्या आईच्या नावानं मंदिरात फरशी बसवतात, बाकडं देतात. आपण संडास?"

"तुह्या आईले फरशीनं मारलं नाही, बाकड्यानं मारलं नाही."

"तिथं लोक काय म्हणतील ठाऊक आहे? 'थांब, रंभात जाऊन येतो.' असं म्हणतील. ऐकवेल तुम्हाले?"

हे मी धरलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो खोटं बोलत नव्हता. लोक असंच म्हणतील.

"म्हणू दे," मी शेवटी म्हणालो. "जी बाई म्हणंल ते मोकळी होऊन बाहेर येईल. तुही आई घरापर्यंत दम धरून येत होती. रिक्षातून उतरली का पळत येत होती, तू पाहिलं नाही काय?"

तो उठून बाहेर गेला. सून उन्नती भाजी निवडत होती, तिने मान वर केली. "बाबा, सातऱ्यावरच्या बायकांना विचारलं का तुम्ही? की तुम्ही आणि सेठच ठरवून राहिले?"

बरोबर होतं तिचं. सांजेला मी चौकात जाऊन उभा राहिलो, जिथे सातऱ्याच्या रिक्षा बायकांना उतरवतात. रुखमाबाई होती, आणखी चार-पाच जणी होत्या. मी माझं म्हणणं सांगितलं.

"काम गेलं तं, भाऊजी?" एक म्हणाली. "कुहीकडून गाडी भरून बायका आणते सेठ. आम्ही उठलो का त्या बसल्या."

"त्याहीले लघवी येत नाही काय?" रुखमाबाई म्हणाली.

दुसरी एक म्हणाली, "रंभाबाईले विचारलं असतं तं तिनं म्हटलं असतं, मेल्यावर तरी मले संडासात नका बसवू वं." सगळ्या हसल्या. मीही हसलो. ती खरंच असं म्हणाली असती.

"मी तुम्हाले काही करा म्हणून नाही राहिलो," मी म्हणालो. "फक्त सांगा, नाव कुठं लावू?"

घरी स्वयंपाक पडला होता, त्या पांगल्या. रुखमाबाई जाता जाता म्हणाली, "तुमची बायको, तुमचं नाव, तुम्ही ठरवा. आम्हाले भेव वाटते." भीती वाटते तर वाटते.

दोन-चार शिकलेल्या लोकांनी मला असंही सुचवलं की वर्गणी करून संडास बांधून टाकू, हाय काय अन् नाय काय. मी त्यांना हाकलून दिलं. वर्गणी कशाला? ज्याच्या ढिगावर त्या बसतात त्याने बांधायचा. मोकळं होणं ही काय दान मागायची वस्तू आहे?

सव्वीस जानेवारीला मी धुतलेला सदरा घालून गेलो. दुर्गेश सोबत आला, पण चार पावलं मागून. प्रजासत्ताक दिनाची सगळ्या देशाला सुट्टी, इथे मात्र झेंडा झाला की बायकांनी कामाला बसायचं होतं, मालाची गाडी लागली होती. गेटपाशी पाणपोई तयार होती. निळ्या फरशा, स्टीलचे नळ, वर कापडाने झाकलेली पाटी. फ्लेक्सवर रंभाचा फोटो होता, दुर्गेशच्या लग्नातला, आणि त्याहून मोठा हर्षित सेठचा.

अध्यक्षसाहेब गाडीतून उतरले ते झेंड्याकडे न जाता सेठच्या कानाशी लागले. पण त्यांचा आवाज मोठा होता. "बाथरूम किधर है, हर्षित? सुबह से निकला हूँ."

सेठने खिशातून चावी काढली. देवराव ती घेऊन पळाला. बायका झेंड्यासमोर रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांच्या माना एकदम चावीच्या मागे वळल्या, ऑफिसच्या दारापर्यंत गेल्या आणि दार लागल्यावर तिथेच राहिल्या. साहेब बाहेर आले, रुमालाने हात पुसले, झेंडा फडकवला.

मग सेठने घटनेची प्रस्तावना वाचली आणि सगळ्यांना मागून म्हणायला लावलं. सामाजिक, आर्थिक, राजनैतिक न्याय. बायका म्हणत होत्या. सेठही म्हणत होता. त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता आणि त्याला कुठे अडखळायला झालं नाही. मला वाटलं, असा माणूस अडखळत का नाही?

त्याने माझ्या हातात कात्री दिली. मी ती तशीच परत दिली.

"मी कापणार नाही. सेठ, तुम्हाले कारण माहीत आहे."

"काकाजी जरा भावुक झाले आहेत," तो लोकांकडे पाहून म्हणाला आणि त्याने फीत स्वतः कापली. फोटो निघाला. पाटीवरचं कापड ओढलं. रंभाचं नाव दिसलं, सोनेरी अक्षरांत. देवरावने नळाखाली स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. पहिलं पाणी घरच्या माणसाने प्यायचं.

मी प्यालो नाही. पुढे काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. रुखमाबाई रांगेत सर्वांत पुढे होती, मी पेला तिच्याकडे केला. तिने घेतला. पाण्याकडे पाहिलं. आणि न पिता शेजारणीकडे दिला. शेजारणीने पुढे दिला. पेला रांगेतून चालला. प्रत्येक बाई दोन्ही हातांनी घ्यायची आणि पुढे द्यायची. मिरचीने लाल झालेली बोटं, त्यात तो पेला. आधी एक-दोघी हसल्या, मग हसणंही थांबलं. शेवटच्या बाईने तो अध्यक्षसाहेबांच्या हातात ठेवला. भरलेलाच.

"पीजिए ना बहनजी," साहेब म्हणाले. "काहून नाही पीत कोनी?"

"साहेब," रुखमाबाई म्हणाली, "तुमची चावी सेठजवळ होती. आमची कोनाजवळ आहे?"

तिचा आवाज कापत होता. पण मागून दुसरी म्हणाली, "सांगा न, आमची चावी?" मग तिसरी. मग एकदम सगळ्या.

"चला, बसा कामावर!" सेठ ओरडला. "गाडी लागली आहे! देवराव, बसव याहीले!"

कोणी बसलं नाही. त्या ढिगांना वळसा घालून ऑफिसच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. देवराव मधे उभा राहिला तर एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाजूले हो गा, तुही माय बी असंच मुतत होती." फोटोवाला पोरगा अजून फोटो काढत होता. साहेबांनी हातातला पेला कुठे ठेवावा हे न कळून तो फरशीवर ठेवला.

"हर्षित, खोल दे यार," ते हळूच म्हणाले. "तमाशा मत कर."

दार उघडलं. एक संडास आणि साठेक बायका. रांग दुपारपर्यंत चालली. साबण संपला तर उन्नती जवळच्या दुकानातून वड्या घेऊन आली. ती केव्हा आली हे मला कळलंच नाही. गाडी तशीच उभी होती. ड्रायव्हर सावलीत झोपला.

जाताना सेठ माझ्याजवळ आला. "हे बरं नाही केलं, काकाजी. मी तुमच्या बायकोचा मान केला."

"माह्या बायकोचा मान तुमच्या खिशात होता," मी म्हणालो. "चावीच्या रूपानं. ती मागून मागून गेली असती तरी तुम्ही दिली नसती."

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईला गेटवर अडवलं. बाकीच्या आत गेल्या नाहीत, बाहेर रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. कुहीहून गाडी आली, त्यातल्या बायकांनी काय चाललं आहे विचारलं आणि त्याही बसल्या. दुपारी रुखमाबाईला आत घेतलं. ऑफिसचं कुलूप निघालं ते अजून लागलेलं नाही. शेडच्या मागे बायकांच्या संडासासाठी खड्डा खणला. भिंत गुडघ्यापर्यंत आली आणि काम थांबलं. सेठ म्हणतो, परवानगी यायची आहे. फ्लेक्सला, पाणपोईला, कशालाच परवानगी लागली नव्हती.

पाणपोईवरची पाटी दुर्गेशने छिन्नीने काढली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती आता आमच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. येणारा-जाणारा विचारतो, ही कुठे लावणार? दुर्गेश सांगतो. आवाज लहान करून सांगतो, पण सांगतो.

मी रोज सकाळी जाऊन त्या गुडघाभर भिंतीपाशी उभा राहतो. सेठ पाहतो आणि आत जातो. काल गवंडी आला नाही. परवाही आला नव्हता. देवराव म्हणतो, "रुपरावजी, किती दिवस येसाल?" मी म्हणतो, छत टाकून होईपर्यंत. आणि छत टाकलं तरी दाराला आतून कडी आहे का ते पाहीन, मगच पाटी आणीन.